केऑसमध्ये लपवलेला निरोप

1993 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये केविन क्युओमो आणि ॲलन ओपनहाइम यांनी एक सर्किट जोडले. काही ऑप-ॲम्प, काही ॲनालॉग मल्टिप्लायर, रोध आणि धारक एवढेच त्यात होते. या सर्किटमधले व्होल्टेज एडवर्ड लोरेन्झच्या तीन समीकरणांनुसार हेलकावत राहायचे आणि एकदा घेतलेले वळण पुन्हा हुबेहूब तसे कधी घ्यायचे नाही. स्पीकरला जोडले तर नुसती खरखर. त्या खरखरीत दोघांनी माणसाचे बोलणे मिसळले, खरखरीच्या मानाने फार हळू. मधेच तारेला कान लावणाऱ्याच्या हाती खरखरच लागणार होती. पलीकडच्या टोकाला मात्र त्याच बनावटीचे दुसरे सर्किट होते. आलेल्या सिग्नलवरून त्याने मूळ खरखर स्वतःची स्वतः पुन्हा उभी केली, सिग्नलमधून ती वजा केली आणि बोलणे वेगळे काढून दिले.

गुप्त संदेशवहनाच्या इतिहासात इतकी देखणी कल्पना मला दुसरी आठवत नाही. तरीही ती टिकली नाही. ती का टिकली नाही हे नीट समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण केऑसवर आधारलेल्या एन्क्रिप्शनचे नवे नवे प्रस्ताव आजही छापून येत आहेत आणि त्यांतले बरेचसे जुन्याच खड्ड्यात पडत आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या गुणामुळे क्युओमो-ओपनहाइम यांचे सर्किट चालत होते, त्याच गुणामुळे ते फोडता येत होते. दोष सुट्या भागांत नव्हता, मुळात होता.

लोरेन्झपासून सुरुवात करावी लागेल. 1961 च्या हिवाळ्यात हवामानाचे एक गणिती प्रारूप संगणकावर चालवताना त्याने एक गणित मधूनच पुन्हा सुरू केले. यंत्राच्या स्मृतीत .506127 हा आकडा होता, छापील कागदावर .506 एवढाच होता. त्याने कागदावरचा आकडा भरला. थोड्याच वेळात नवे हवामान जुन्या हवामानापासून पार भरकटले. 1963 मध्ये त्याने याच वर्तनाचे तीन समीकरणांइतके आटोपशीर रूप प्रसिद्ध केले. त्यात यदृच्छेला कुठेच जागा नाही. नियम ठाम आहेत, पण सुरुवातीचा बारीकसा फरक झपाट्याने वाढत जातो. यालाच केऑस म्हणतात. साहजिकच अशी दोन यंत्रे एकमेकांबरोबर कधीच चालू शकणार नाहीत, असे सगळे धरून चालले होते. दोन्हींची सुरुवात शेवटच्या दशांशापर्यंत सारखी असणे प्रत्यक्षात अशक्यच असते.

1990 मध्ये वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या लुई पेकोरा आणि थॉमस कॅरल यांनी हा समज मोडून काढला. त्यांची युक्ती अशी. लोरेन्झच्या व्यवस्थेत तीन चल असतात. त्यांतला एक, समजा पहिला, दुसऱ्या यंत्राकडे पाठवत राहायचा. दुसऱ्या यंत्राने स्वतःचा पहिला चल सोडून द्यायचा, आलेला वापरायचा आणि उरलेले दोन त्यावरून चालवायचे. मग त्या दोघांची सुरुवात कुठूनही झालेली असो, मूळ यंत्रातल्या जोडीदारांशी त्यांचे अंतर कमी कमी होत जाते आणि दोन्ही यंत्रे एकाच लयीत चालू लागतात. हे सगळ्याच चलांना जमत नाही. लोरेन्झच्या बाबतीत पहिला किंवा दुसरा पाठवला तर लय जुळते, तिसरा पाठवला तर जुळत नाही. पण जिथे जुळते तिथे ती आपोआप जुळते आणि मधे धक्का बसला तरी पुन्हा सावरते.

या शोधाने पदार्थवैज्ञानिकांना भुरळ घातली नसती तरच नवल. बर्कलेच्या लिऑन चुआ यांनी 1983 मध्ये टोकियोत असताना आखलेले सर्किट जगभरच्या प्रयोगशाळांत जोडले जाऊ लागले. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात एम. लक्ष्मणन आणि के. मुरली यांनी त्याहूनही साधे सर्किट रचले. मुरली-लक्ष्मणन-चुआ सर्किट या नावाने ते आज पाठ्यपुस्तकांत आहे, आणि सिग्नल पाठवण्यासाठी केऑसचा वापर करण्याच्या कामात ही मंडळी अगदी आरंभापासून होती. आशा ठेवायला जागाही होती. यात गणना करणारा संगणक लागत नव्हता, भाग स्वस्त होते, वेग सर्किटाच्या वेगाइतका होता. शिवाय केऑटिक सिग्नल अनेक वारंवारतांवर पसरलेला, गोंगाटासारखा दिसणारा. त्यामुळे निरोप काय आहे हे तर सोडाच, निरोप आहे हेसुद्धा कळणार नाही असे वाटत होते.

मग 1994 मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या केविन शॉर्ट यांनी आवरण दूर करून दाखवले. त्यांनी केलेली गोष्ट केऑसच्या सिद्धांतातूनच आली होती, म्हणून ती अधिक बोचरी आहे. केऑस दीर्घ काळासाठी अनिश्चित असतो. पण पुढच्या क्षणापुरता तो चांगलाच निश्चित असतो, कारण त्यामागे ठाम नियम आहेत. शॉर्ट यांनी पकडलेल्या सिग्नलवरूनच त्या नियमाचा अंदाजी आकार उभा केला, प्रत्येक क्षणी पुढचे मूल्य किती असायला हवे ते सांगितले आणि प्रत्यक्ष मूल्यातून ते वजा केले. खाली उरला तो निरोप. पलीकडच्या सर्किटची त्यांना गरजच पडली नाही. पुढच्याच वर्षी गाब्रिएल पेरेस आणि हिल्डा सेर्देरा यांनी आणखी सोपा मार्ग दाखवला. क्युओमो आणि ओपनहाइम यांची दुसरी पद्धत अशी होती की शून्य पाठवायचा असेल तर सर्किटचा एक गुणांक 4 ठेवायचा आणि एक पाठवायचा असेल तर 4.4 करायचा. पेरेस आणि सेर्देरा यांनी सिग्नलच्या लागोपाठच्या शिखरांचा आणि दऱ्यांचा आलेख काढला. गुणांक बदलला की आलेखातली रेघ किंचित सरकते. एका रेघेवरचे ठिपके शून्य, शेजारच्या रेघेवरचे एक. डोळ्यांनी वाचता येईल इतके ते स्पष्ट होते.

आता मुळाकडे येऊ. बाजारात मिळणाऱ्या रोधाचे मूल्य त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा टक्काभर इकडेतिकडे असतेच. तापमान बदलले की ते आणखी सरकते. तारेवर गोंगाट मिसळतो. एवढे होऊनही पलीकडच्या सर्किटची लय जुळायला हवी, नाहीतर संदेशवहन होणारच नाही. म्हणजे टक्काभर चूक पोटात घालणे ही या योजनेची गरज आहे, तिचा जीव त्यावर आहे. पण मग चोरून ऐकणाऱ्याचीही टक्काभर चूक तशीच पोटात घातली जाते. त्याच्याकडे गुणांकांची नेमकी मूल्ये नसली तरी जवळपासची पुरतात. तीन गुणांक आणि प्रत्येकाची शंभर वेगवेगळी मूल्ये धरली तर दहा लाख शक्यता होतात, आणि दहा लाख ही संख्या संगणकाच्या दृष्टीने काहीच नाही. आजच्या एईएस एन्क्रिप्शनमध्ये सगळ्यात लहान किल्ली 128 बिटांची असते. तिच्या शक्यता लिहायला 39 अंक लागतात.

शक्यतांच्या संख्येपेक्षाही गंभीर गोष्ट पुढे आहे. एईएसच्या किल्लीतला एकच बिट चुकला तर बाहेर येणाऱ्या मजकुरातले सुमारे निम्मे बिट बदलतात. 127 बिट बरोबर ओळखणाऱ्याला आणि एकही धड न ओळखणाऱ्याला सारखीच रद्दी मिळते. आपण जवळ आलो की लांब गेलो हे त्याला कळायला मार्ग नसतो. केऑटिक सर्किट मात्र ते सांगून टाकते. गुणांक थोडा चुकला तर लय थोडी चुकते, जास्त चुकला तर जास्त. उलरिख पार्लित्झ यांनी 1996 मध्ये दाखवले की लय जुळवण्याच्या याच क्रियेचा उपयोग करून अनोळखी व्यवस्थेचे गुणांक सिग्नलमधूनच शोधून काढता येतात. चूक मोजत राहायचे आणि ती ज्या दिशेने घटते त्या दिशेने सरकत राहायचे. लयीत येण्यासाठी लागणारा उमदेपणा आणि गुपित राखण्यासाठी लागणारा निष्ठुरपणा एका सर्किटात नांदू शकत नाहीत. पेकोरा आणि कॅरल यांचा शोध शंभर टक्के खरा आहे. तो गुप्ततेच्या कामाला जुंपला गेला, एवढीच गफलत झाली.

यावर एक उत्तर दिले जाते. सर्किट सोडा, समीकरणे संगणकात घाला. तिथे रोध नाहीत, तापमान नाही, दोन्ही टोकांना तोच प्रोग्रॅम आहे. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1989 मध्येच असा एक प्रस्ताव मांडला होता. पण संगणकात शिरला की केऑस केऑस उरत नाही, आणि इथे मराठी वाचकाला देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण यावी. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 3087, मग 8352, मग 6174, आणि त्यानंतर 6174 च येत राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पावलांत इथे पोचते. 6174 च का, हे गणितातले एक गोड कोडे आहे. पण कुठेतरी फेरा बंद होणार हे मात्र ठरलेलेच होते: चार अंकी संख्या मोजक्याच आहेत, नियम ठाम आहे, तेव्हा आज ना उद्या एखादी संख्या पुन्हा येणार आणि तिथून पुढे सगळे पुन्हा तसेच होणार.

संगणकातल्या दशांश संख्याही मोजक्याच असतात. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत एका संख्येला 53 सार्थ बिट मिळतात. केऑसचे सगळ्यात सोपे उदाहरण म्हणजे संख्या दुप्पट करायची आणि पूर्णांक भाग टाकून द्यायचा. कागदावर हा नियम अस्सल केऑटिक आहे. संगणकात दर पावलाला एक बिट डावीकडून बाहेर पडतो, उजवीकडून शून्य आत येते आणि पन्नासएक पावलांत सगळे शून्य होऊन बसते. इतर नियम इतके लगेच कोलमडत नाहीत. पण अशा रीतीने चालणारे फेरेही साधारणपणे काही कोटी पावलांतच आपल्या वाटेवर परत येतात, आणि काही कोटी पावले म्हणजे आजच्या साध्या लॅपटॉपचे सेकंदाभराचे काम. डॅनियल व्हीलर यांनी ही अडचण 1989 मध्येच दाखवून दिली होती, मॅथ्यूज यांच्या प्रस्तावाच्याच वर्षी. दुसरी अडचण उलट टोकाची आहे. 4x(1−x) आणि 4x−4x² या दोन रूपांत बीजगणिताला काही फरक दिसत नाही, पण संगणक त्यांचे शेवटचे बिट वेगवेगळे काढतो आणि केऑस तो फरक फुगवतो. एका यंत्रावर कूटबद्ध केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उलगडेलच याची खात्री राहत नाही.

1991 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोक्रिप्ट ही कूटशास्त्राची परिषद भरली. तिथे जपानी संशोधकांनी तंबूच्या आकाराच्या आलेखावर आधारलेली एक केऑटिक पद्धत मांडली. त्याच परिषदेच्या इतिवृत्तात एली बिहाम यांचा लेख आहे, आणि ती पद्धत कशी फोडायची हे त्यात आहे. कूटशास्त्रात असे घडते आणि घडलेच पाहिजे. हा निसर्गाशी चाललेला संवाद नाही, बुद्धिमान शत्रूशी चाललेली लढाई आहे. वादळाला आपले भाकीत चुकवण्याची इच्छा नसते आणि ते आपल्या समीकरणांतली फट शोधत बसत नाही. केऑसचा अभ्यास करणारे बहुतेक संशोधक वादळाच्या बाजूने आले होते. आलेख गुंतागुंतीचा दिसला की त्यांना तो सुरक्षित वाटला.

ही सवय अजून गेलेली नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत केऑसने चित्रे कूटबद्ध करण्याच्या पद्धती इतक्या निघाल्या की मोजदाद कठीण. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही प्रकल्पासाठी हा आवडता विषय आहे. मॅटलॅबमध्ये थोडक्या ओळींत होतो आणि निकाल डोळ्यांना दिसतो. साचा ठरलेला असतो. एक परिचित छायाचित्र घ्यायचे, त्याचा करडा धुरळा करून दाखवायचा, मग शेजारशेजारच्या बिंदूंमधला सहसंबंध शून्याजवळ आल्याचे सांगायचे, एक बिंदू बदलल्यावर 99.6 टक्के बिंदू बदलतात असे कोष्टक द्यायचे आणि किल्लीच्या शक्यता प्रचंड असल्याचा हिशोब मांडायचा. हे सगळे आकडे खरे असतात. त्यांनी सिद्ध काहीच होत नाही. किल्ली कितीही लांब असली तरी ती न वापरता आत शिरायची वाट असेल, तर लांबीचा उपयोग काय? जेसिका फ्रिडरिख यांची 1998 ची पद्धत या सगळ्या कुळाचे मूळ मानली जाते. 2010 मध्ये एरजान सोलाक आणि सहकाऱ्यांनी तीसुद्धा फोडता येते हे दाखवले. गोन्झालो आल्वारेझ आणि शुजुन ली यांनी 2006 मध्ये केऑटिक पद्धत मांडणाऱ्याने किमान काय काय तपासले पाहिजे याची सविस्तर जंत्री प्रसिद्ध केली. ती वाचून नवी पद्धत सुचवणारे थोडे. मला याची चीड येते, कारण यात हुशार विद्यार्थ्यांची वर्षे जातात. आधी एक जुनी पद्धत फोडून दाखव आणि मग नवी सुचव, असे मार्गदर्शकाने सांगितले तर त्याच विद्यार्थ्याच्या हातून खरे काम होईल.

कोणी विचारेल की एईएसही ठाम नियमांवरच चालते, मग ते वेगळे कसे? प्रश्न योग्य आहे. क्लॉड शॅनन यांनी 1949 च्या निबंधात, म्हणजे लोरेन्झच्या चौदा वर्षे आधी, चांगल्या कूटपद्धतीने मजकूर कसा मिसळला पाहिजे हे सांगताना गणितज्ञ होप्फ यांचा हवाला देऊन मळलेल्या पिठाचा दाखला दिला होता. कणकेचा गोळा लाटायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचा, पुन्हा घडी घालायची. आत पडलेला हळदीचा एक ठिपका काही घड्यांत सगळीकडे पसरतो. केऑसची क्रियाही नेमकी हीच आहे, ताणणे आणि दुमडणे. 128 बिटांच्या एईएसच्या दहा फेऱ्यांतही तेच चालते, फक्त ते पूर्णांकांच्या मोजक्या संचावर, दशांशांच्या आणि रोधांच्या भरवशावर न राहता. तेव्हा केऑसमधली जी कल्पना कूटशास्त्राच्या कामाची होती, ती तिथे आधीच पोचलेली होती. बाकीचा फरक पारखण्याचा आहे. ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच बजावले होते की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित असावे ते किल्लीत. एईएसची निवड 1997 पासून चाललेल्या खुल्या स्पर्धेतून झाली. पंधरा पद्धती आल्या, जगभरच्या कूटतज्ज्ञांनी त्यांच्यावर तुटून पडावे म्हणून त्या उघड मांडल्या गेल्या, पाच उरल्या, आणि 2001 मध्ये दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत मानक झाली. तिच्यावरचे हल्ले आजही थांबलेले नाहीत. व्हॉट्सॲपवरचा निरोप सुरक्षित असतो तो या हल्ल्यांच्या जोरावर.

केऑसच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा लेसरचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. 1998 मध्ये ग्रेगरी व्हॅनविगरेन आणि राजर्षी रॉय यांनी केऑटिक लेसरने निरोप पाठवून दाखवला. 2005 मध्ये युरोपातल्या एका गटाने अथेन्स शहराच्या जमिनीखालच्या, प्रत्यक्ष वापरातल्या 120 किलोमीटर ऑप्टिकल फायबरवरून सेकंदाला अब्ज बिटांच्या घरातल्या वेगाने तेच केले. कोटी बिटांत एकाहून कमी चूक झाली. ही मोठीच कामगिरी होती. इथे चोरून ऐकणाऱ्याला तशाच जातकुळीचा, शक्यतो त्याच अर्धवाहक चकतीतून कापलेला लेसर लागतो, आणि तो मिळवणे सर्किटमधले गुणांक ओळखण्याइतके सोपे नाही. पण मग किल्ली म्हणजे ती वस्तूच झाली. ती चोरीला गेली तर फोनवरून बदलता येत नाही आणि कारखान्यात तिची जुळी भावंडे असतात. शिवाय अशा लेसरमध्ये आरशावरून परत येणाऱ्या प्रकाशाला लागणारा वेळ सिग्नलच्या सहसंबंधात डोके वर काढतो, म्हणजे सर्वांत नाजूक गुणांक सिग्नल स्वतःच सांगतो. एईएसच्या वर आणखी एक पडदा म्हणून हे चालेल. त्याच्या जागी नाही.

केऑसची खरी जागा मला दुसरीकडे दिसते. तिथे लय जुळवावीच लागत नाही, म्हणून वरचा सगळा पेच निर्माणच होत नाही. प्रत्येक एन्क्रिप्शनची सुरुवात एका यादृच्छिक संख्येने होते, आणि गाडी अडते ती बहुतेक वेळा तिथेच. 2006 मध्ये डेबियन लिनक्समध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी निरर्थक समजून काढल्या गेल्या. 2008 मध्ये उघड झाले की तोपर्यंत त्यावर बनलेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकाराला जेमतेम 32 हजारांच्या आसपास शक्यतांमधल्याच होत्या. एईएस आणि सार्वजनिक किल्लीची आरएसए या दोन्ही पद्धती शाबूत होत्या. त्यांना मिळालेले बीज निकृष्ट होते. 2012 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे एकमेकींशी सामाईक अवयव काढले आणि दर दोनशे सर्व्हरमागे एकाची खासगी आरएसए किल्ली त्यांच्या हाती लागली. यांत भरणा होता राउटर आणि फायरवॉलसारख्या छोट्या उपकरणांचा. पहिल्यांदा चालू होताना त्यांच्याकडे अनिश्चित असे काही नसतेच.

इथे केऑस कामाला येतो. 2008 मध्ये अत्सुशी उचिदा आणि सहकाऱ्यांनी दोन केऑटिक लेसरच्या प्रकाशातून सेकंदाला 1.7 अब्ज यादृच्छिक बिट काढले. त्याआधीच्या भौतिक साधनांच्या मानाने हा वेग फार मोठा होता. क्लाउडफ्लेअर कंपनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयात लाव्हा दिव्यांच्या भिंतीचे आणि लंडनमध्ये दुहेरी लंबकांचे चित्रण करून त्यातून संख्यांचे बीज घेते. दुहेरी लंबक म्हणजे शाळकरी मुलालाही दाखवता येईल असा केऑस. त्या लंबकाला पलीकडच्या टोकाला जोडीदार नको असतो. त्याची हालचाल दुसऱ्या कुणाला पुन्हा घडवता येऊ नये, इतकेच हवे असते, आणि ते केऑसला जन्मतःच जमते. मिळालेले बिट मग एईएससारख्या पारखलेल्या पद्धतीच्या हवाली करायचे.

इथेही हिशोब चोख हवा. लेसरमधली खरी अनिश्चितता केऑसची नसते. ती अणूंमधून आपोआप बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची, क्वांटम पातळीवरची असते, आणि अतिशय क्षीण असते. केऑस तिला फुगवून मोजता येईल इतकी मोठी करतो, लोरेन्झच्या कागदावर सुटलेल्या तीन दशांशांना त्याने केले तसेच. हे फुगणे किती वेगाने होते ते मोजता येते, आणि त्यावरून सेकंदाला किती बिट खरोखर नवे आहेत याची वरची मर्यादा बांधता येते. त्याहून वेगाने काढलेले बिट चाचण्यांत कितीही छान दिसले, तरी ते जुन्याच बिटांचे नातेवाईक असतात. केऑटिक लेसरची चिप विकणाऱ्याने पहिल्या पानावर ही मर्यादा छापली पाहिजे, आणि घेणाऱ्याने आधी तीच वाचली पाहिजे.